काचेआडचा नैवेद्य

झाशीला भेल कारखान्याच्या कॉलनीत राहणाऱ्या मराठी बाईला नोकरी नसली तरी एक काम कायमचं असतं, ते म्हणजे पाहुण्यांना गाव दाखवणं. सातारा-सांगलीकडून माणसं येतात, किल्ला बघतात, डोळे पुसतात, परत येऊन पोटभर जेवतात आणि विचारतात, "अजून काय आहे तुमच्या झाशीत?" मग मी त्यांना मानिक चौकामागच्या गल्लीत पोतनीसांच्या हवेलीत घेऊन जाते. तिथं आता संग्रहालय आहे.

इमारत खरंच बघण्यासारखी आहे. सगळा सांगाडा सागवानी. खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, विटा आपल्या मधल्या जागा भरण्यापुरत्या. दुरुस्तीच्या वेळी एका भिंतीचा गिलावा मुद्दाम काढून ठेवलाय, त्यामुळे आतले उभे-आडवे वासे दिसतात. कुठं लोखंडी खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर पेललेलं. आमचे रत्नाकर इंजिनियर. ते त्या भिंतीपुढे उभे राहिले की पाहुणे राहतात बाजूला आणि मला नवऱ्यालाच ओढून न्यावं लागतं.

श्रीकृष्णदादा पोतनीस मला पहिल्यांदा दिसले ते तिथंच, दुपारच्या वेळी. इस्त्रीचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, हातात काही नाही. दारात त्यांनी चपला काढल्या. संग्रहालयात कोणी चपला काढत नाही. दारावरचा रखवालदार कामताप्रसाद उठून म्हणाला, "राम राम भैयाजी, आ गए?" आणि त्यांनी नुसती मान हलवली. ते कुठंही न रेंगाळता सरळ मागच्या खोलीत गेले. तिथं काचेच्या मोठ्या कपाटात जुना देव्हारा ठेवलाय, त्यात पितळी आणि चांदीचे देव. दादा त्या काचेपुढे उभे राहिले. डावा हात छातीशी धरला आणि उजव्या हाताची बोटं हवेत हळूहळू पुढे नेऊ लागले. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. ओठ हलत होते.

माझ्याबरोबर माझी नणंद होती. ती कुजबुजली, "अगं, हा माणूस काय करतोय?"

मला कळलं होतं. ताट नव्हतं, पान नव्हतं, पाण्याचं मंडल नव्हतं, पण तो माणूस देवाला नैवेद्य दाखवत होता.

पुढं ओळख झाली. झाशीत मराठी माणसं आहेतच किती? जुन्या घराण्यांतले लोक आम्हा कॉलनीवाल्यांना जरा पाहुणेच समजतात आणि आम्ही त्यांच्या मराठीला हसतो, असा आमचा दोन्हीकडून प्रेमाचा व्यवहार आहे. दादा याच हवेलीत जन्मले. सिंचाई विभागात कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. भाऊबंद इंदूर, भोपाळ, पुण्याला पांगले. घराचे वाटेकरी वाढत गेले आणि घरात राहणारे उरले दोघंच, दादा आणि शारदावहिनी. एवढ्या लाकडाला वाळवीपासून जपणं त्या दोघांच्या हातचं नव्हतं. शेवटी सगळ्यांनी मिळून घर एका न्यासाला दिलं आणि हे दोघं सीपरी बाजारच्या बाजूला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले. घर देताना सगळ्यात कमी बोलले दादा, आणि सगळ्यात जास्त तुटले तेही दादाच. हे मला वहिनींनी सांगितलं. दादा स्वतःबद्दल काही सांगतील तर शपथ.

वहिनी संग्रहालयात कधीच येत नसत. "ज्या उंबऱ्यावर माप ओलांडून आत गेले, तिथं तिकीट काढून जाऊ? मुळीच नाही," असं त्या म्हणत. मला तो ताठा आवडे. त्या मूळच्या सागरच्या. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि हाताला अशी चव की चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांची आंब्याची डाळ खायला आम्ही कॉलनीच्या बायका रिक्षा करून जायचो.

यंदाच्या चैत्रात गेले तर वहिनी ओळखू येईनात. गाल बसलेले, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. बायका गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, तब्येत दाखवली का कुणाला?"

"तबियतीला काय झालंय? उपास जास्त झालेत थोडे." मग त्या एकदम खाली बसल्या. "अरुंधतीताई, तुम्हाला सांगते. कोणाला बोलू नका. माझ्या पूजेत देव येतच नाहीत."

मीही त्यांच्याजवळ खाली बसले. 

"घर सोडलं तेव्हापासून असंच आहे. तिथं देवापुढे बसलं की कोणीतरी समोर आहे असं वाटायचं. कधी भांडायचे मी, कधी रडायचे. इथं सुपारीपुढे बसते, सगळं साग्रसंगीत करते, आणि समोर कोणी नाही. भिंतीशी बोलल्यासारखं. माझ्याच हातून काही चुकलंय. कुठला तरी कुळाचार राहिलाय. म्हणून आधी सोमवार धरले, मग शुक्रवार, आता मंगळवारही धरते. तरी रुसलेत ते रुसलेतच."

घर देताना ठरलं होतं ते असं. जुना देव्हारा देवांसकट संग्रहालयात राहणार. मात्र त्याआधी विधीनं देवांची उत्तरपूजा करायची, त्यांना जागचं हलवायचं, आणि त्यांना एका सुपारीत बोलावून ती सुपारी नव्या घरी आणून पुजायची. मूर्ती तिथं राहिल्या तरी देव आपल्याबरोबर येतात. वहिनींची लग्नातली अन्नपूर्णा, माहेराहून आईनं दिलेली, ती तेवढी त्या स्वतः उचलून आणणार होत्या. पण नेमकं त्याच दिवशी सुतक आलं. मग दादांनी हरिभाऊ गुरुजींकडून सगळं करवून घेतलं आणि सुपारी घरी आणली. अन्नपूर्णा आणता आली नाही, संग्रहालयाच्या यादीत तिची नोंद आधीच होऊन गेली होती. पण तिलाही सुपारीत बोलावलंय, असं दादांनी सांगितलं होतं. मला एवढंच ठाऊक होतं आणि वहिनींनाही एवढंच.

मी घरी आले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. सुपारीत देव आहेत, तर हा माणूस रोज दुपारी काचेपुढे हात कसला फिरवतो?

दुसऱ्या दिवशी पाहुणे नसताना मी हवेलीत गेले. दादांचा नैवेद्य होऊ दिला आणि मग चौकातल्या बाकावर त्यांना गाठलं. माझा स्वभाव मुळातच आडून बोलण्याचा नाही. म्हटलं, "दादा, वहिनी तिकडं उपासांनी खंगत चालल्यात. देव रुसलेत म्हणतात. आणि तुम्ही इथं रोज त्यांना जेवू घालता. हे काय आहे?"

त्यांनी समोरच्या खांबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "देव इथंच आहेत, अरुंधतीजी. कोणी हलवलेच नाहीत."

त्या दिवशी सकाळी समथरहून निरोप आला होता, चुलतभाऊ गेल्याचा. घराला सुतक. सुतकात देवाला हात लावायचा नाही, पूजा बाहेरच्या माणसानं करायची. वहिनी नव्या घरीच थांबल्या आणि दादा म्हणाले, मी हरिभाऊंना घेऊन जातो, तू चिंता करू नको. हरिभाऊ चिरगाँवला कुणाच्या तरी वास्तुशांतीला गेलेले. दुपारपर्यंत येतो म्हणाले आणि आलेच नाहीत. इकडे न्यासाची माणसं कुलपं घेऊन उभी, उद्घाटनाची तारीख छापलेली, कपाटाला काच बसवायला सुतार खोळंबलेला. दादा देव्हाऱ्यापुढे उभे होते. हात पुढे केला असता तर देव हातभर अंतरावर होते.

"तुम्ही लावायचा होता हात," मी म्हणाले.

"सुतकात?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. माझ्या घरी सुतकात आम्ही सिनेमे बघितलेत. त्यांच्या घरी ती गोष्ट सुचतच नाही.

काच बसली. दादा बाहेर पडले, मानिक चौकात एक सुपारी घेतली, लाल फडक्यात बांधली आणि घरी जाऊन, सुतक फिटेपर्यंत हात लावू नको असं सांगून, बायकोपुढे ठेवली. म्हणाले, हरिभाऊंनी सगळं यथासांग केलं. त्यांना वाटलं, सुतक फिटलं की काच उघडवू आणि गुपचूप विधी करून घेऊ. सुतक फिटलं तेव्हा काचेला मोहर लागलेली होती. हरिभाऊ पुढच्याच वर्षी मुलाकडे इंदूरला निघून गेले. आणि घरी तोवर वहिनींनी सुपारीला नैवेद्य दाखवायला सुरुवात केली होती.

"तिला सांगायला रोज निघायचो आणि रोज राहायचं," दादा म्हणाले. "मग विचार केला, देव तर उपाशी राहायला नकोत. आत खायचं काही नेऊ देत नाहीत. म्हणून घरी पान वाढलं की मनात धरायचं आणि इथं येऊन दाखवायचं. आपण नंतर जेवायचं."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. मी म्हणाले, "तुमचं तुम्ही निस्तरलंत. तुम्हाला निदान ठाऊक होतं देव कुठं आहेत. त्यांना वाटतंय त्यांच्यातच खोट आहे. आज सांगा, नाहीतर मी सांगेन."

ते उठले. दारात जाऊन चपला घातल्या. मलाही बरोबर चला म्हणाले, आणि मी गेले.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. दादांनी उभ्या उभ्याच सांगितलं, एकही गोष्ट न झाकता. वहिनींनी गॅस बंद केला. माझी अपेक्षा होती की आता भांडी आपटतील. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तिथं कोणी नव्हतंच."

"नव्हतं," दादा म्हणाले.

"म्हणजे मी वेडी नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "ऐकलंत ना ताई? माझं बरोबर होतं. कोणी नव्हतंच तिथं."

त्या सुटल्यासारख्या रडल्या. रडून झाल्यावर तोंड धुतलं, मला चहा दिला आणि दादांशी बोलणं बंद केलं. तो अबोला कितीतरी दिवस चालला. निरोपही माझ्यामार्फत जायचे. "त्यांना म्हणावं, काच उघडवा." एवढाच निरोप, रोज.

काच उघडवणं सोपं नव्हतं. संग्रहालयाच्या प्रमुख आभा सक्सेना, तरुण बाई, कामात पक्क्या. त्यांनी आधी सरळ नाही सांगितलं. दादांनी हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. रोजच्यासारखे येत राहिले. शेवटी आभाजींनीच वरून परवानगी आणली. अटी घातल्या. सोमवारी, बंदच्या दिवशी. पाणी नाही, कुंकू नाही, फूल नाही, दिवा नाही. अक्षता कोरड्या, आणि नंतर एकेक दाणा वेचून न्यायचा. मूर्तीला उघडा हात लावायचा नाही, पांढरे सुती हातमोजे घालायचे.

मी वहिनींना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता मोडलं सगळं. हातमोजे घालून देवपूजा! पण त्या दिवशी वहिनी जुनी जरीकाठी नऊवारी नेसून आल्या. बंदच्या दिवशी तिकीट नसतं, म्हणून त्यांचा ताठाही शाबूत राहिला. उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या, वाकून हात लावला आणि आत आल्या. कोणत्याही खोलीकडे मान वळवली नाही. आभाजींनी हातमोजे पुढे केले आणि जरा संकोचून म्हणाल्या, "आंटीजी, हमारे यहाँ बिना इसके कोई नहीं छूता। मैं भी नहीं।"

वहिनींनी मोजे उलटसुलट करून पाहिले. मला म्हणाल्या, "म्हणजे यांचंही सोवळं आहेच." आणि घातले.

काच सरकवली. इतक्या वर्षांनी त्या खोलीत जुन्या धुपाचा बारीक वास आला, मलासुद्धा आला. आपल्यात पूजा यजमान करतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावते. दादा पुढे सरकले. वहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आज मी करते. तुम्ही हात लावा." कितीतरी दिवसांनी त्या त्यांच्याशी बोलल्या होत्या. दादा मागे झाले आणि त्यांनी वहिनींच्या कोपराला बोटं टेकवली.

सुपारी तीच होती, लाल फडक्यातली. दुसरी आणू का, असं मी विचारलं होतं, तर वहिनी म्हणाल्या, "ती बिचारी इतकी वर्षं वाट बघतेय. तिलाच बसवू." एकेका देवावर अक्षता वाहत होत्या, दोन बोटांनी मूर्ती जराशी उत्तरेकडे सरकवत होत्या, आणि पुटपुटत होत्या. मंत्र थोडे, मराठीच जास्त. "चला. उशीर झाला. आमची चूक झाली. घर लहान आहे, पण चला." शेवटचं 'पुनरागमनाय च' म्हणायची वेळ आली. परत येण्यासाठी, असा त्याचा अर्थ. ते दादांनी म्हणायचं होतं. दादांचा आवाज फुटेना. ते वर तुळयांकडे बघत होते. वहिनींनीच ते शब्द म्हटले.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून अक्षता वेचल्या, आभाजींनीही. कामताप्रसाद दाराबाहेर उभा राहून डोळे पुसत होता. मी वहिनींना कडेनं धरून रिक्षात बसवलं. मला वाटलं, चला, एक मोठं काम पार पडलं. मला तर स्वतःचं कौतुकही वाटलं थोडं.

त्यानंतर काही दिवसांनी सांगलीचे पाहुणे आले आणि मी हवेलीत गेले. कामताप्रसाद मला बघून पुढे आला. "काए बाईजी, भैयाजी की तबियत तो ठीक है? उस दिन के बाद आए ही नहीं।"

पाहुण्यांना रत्नाकरांच्या आणि त्या भिंतीच्या हवाली करून मी तशीच सीपरीला गेले. दार वहिनींनी उघडलं. चेहरा भरलेला, डोळ्यांत तेज. देव्हाऱ्यात सुपारीपुढे ताजी फुलं होती. त्यांच्या पूजेत देव परत आलेत, हे विचारायची गरजच नव्हती. दादा मात्र बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. समोर ताट झाकून ठेवलेलं.

"दादा, कामता विचारत होता. जात नाही का हल्ली?"

"कशाला जायचं?" ते हळूच म्हणाले. "देव होते तोवर मी त्या घरातला माणूस होतो. माझं काम होतं तिथं. आता गेलो तर बघायला आलेला माणूस. स्वतःचं घर बघायला कसं जायचं ते मला जमत नाही." मनगटाचं बटण चाचपत म्हणाले, "तयार होतो रोज. सवय आहे ना. मग बसून राहतो."

 मीच धरून बांधून हे घडवून आणलं होतं. वहिनींचे देव घरी आणले आणि या माणसाचं होतं नव्हतं ते घर त्याच सोमवारी काढून घेतलं. तिघांपैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नाही, असं मी समजत होते.

वहिनी आतून आल्या. पदराला हात पुसत दादांच्या समोर उभ्या राहिल्या.

"अन्नपूर्णेला मी हलवलं नाही," त्या म्हणाल्या.

दादांनी वर पाहिलं.

"सगळ्यांना बोलावलं. तिच्यापाशी आले, आणि माझ्या कोपरावरची तुमची बोटं कापायला लागली. वळून बघितलं तर तुम्ही देवांकडे बघतच नव्हता, घराकडे बघत होता. तेव्हा कळलं मला, तुम्ही रोज कशासाठी जात होता ते. ती माझी एकटीची आहे, माझ्या आईनं दिलेली. तिचं काय करायचं ते मी ठरवणार. तिला अक्षता वाहिल्याच नाहीत. ती तिथंच आहे."

"मग त्याच दिवशी सांगितलं का नाहीस?"

"बसू दे म्हटलं चार दिवस घरी. मी किती वर्षं बसले होते रिकाम्या देव्हाऱ्यापुढे, तुम्हालाही जरा कळू दे."  मग त्यांनी वाकून ताटावरचं झाकण काढलं. वरण-भात, भाजी, एका कडेला पुरण. "नीट बघून घ्या काय काय आहे, आणि निघा आता. त्या दिवसापासून उपाशी बसलीय ती."

दादांनी ताटाकडे पाहिलं, एकेका पदार्थाकडे, सावकाश. मग उठले आणि चपला शोधू लागले.